यंदाचा पाट

हरेशने, तिच्या भावाने, फोनवर एवढंच सांगितलं होतं: आधार कार्ड आण, पॅन कार्ड आण, अकरा वाजता पेणला रजिस्ट्रार ऑफिसात ये. मालूने दोन्ही कार्डं पिशवीत टाकली आणि रोह्याजवळच्या अष्टमीहून, सासरहून, साडेसातलाच निघाली. ऑफिसच्या आधी तिला माहेरी एक चक्कर मारायची होती. खरेदीखत झालं की ते घर राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याचं आपल्याला काय वाटतंय, हे ती नागोठण्यापर्यंत चाचपत होती. हाताला काही लागलं नाही, तेव्हा तिने तिकीट पिशवीत टाकलं आणि डोळे मिटले.

नऊ वर्षांपूर्वी वडील वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर तिने त्याच ऑफिसात हक्कसोड लिहून दिली होती. सगळ्याच बहिणी देतात. भावजयीने हिरवी साडी दिली, नारळाने ओटी भरली. बहिणीने जमिनीतला वाटा सोडायचा आणि भावाने तिचं माहेर राखायचं, असा तो व्यवहार. त्यातला दुसरा भाग कुठल्या कागदावर लिहीत नाहीत.

पण त्या हक्कसोडीत एक गट नंबर राहून गेला. शेत म्हणजे जमीन, मिठागर म्हणजे जमीन. घर ते घर. घर आणि मागचं आवार त्यात लिहायचं असतं, हे ना हरेशच्या डोक्यात आलं, ना तिच्या. महिन्यापूर्वी घेणाऱ्याच्या वकिलाने सातबारा काढला, तेव्हा हरेशच्या नावाखाली दुसरं नाव निघालं: मालू दत्ताराम म्हात्रे. लग्नाआधीचं नाव. तिला ते वाचून दाखवलं, तेव्हा कुणा भलत्याच बाईचं वाटलं.

पेणला उतरून ती रिक्षाने गावात गेली. ओटीवर खोके रचलेले. भावजय प्रतिक्षा आत भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होती.

“या वन्सं. चहाचं भांडं तेवढं बाहेर ठेवलंय.”

मालूने देवघराशेजारचा कोपरा पाहिला. गौरी-गणपतीत मखर असायचं ती जागा. तिच्या सासरचा गणपती दीड दिवसाचा. तो बोळवला की दुसऱ्या दिवशी ती इथे गौरीला यायची. एकतीस वर्षं.

“पाट दिला का जनूदादाकडं?”

नागपंचमी होऊन आठ दिवस झाले होते. नागपंचमीच्या आधीच घराचा पाट मूर्तिकाराकडे पोचायला हवा. मूर्ती त्या पाटावर बसते आणि त्याच पाटावरून घरी येते.

“यंदा नाय आणत, वन्सं. तिकडं गेल्यावर बघू. पेणच्या मूर्ती खोक्यातून जातात परदेशी. त्याला पाट लागत नाय.”

“तिकडं म्हंजी त्या बेटावर?”

“बेटावर कशाला? राहायचं दुबईला. बेट नुसतं पासपोर्टापुरतं. पैसे भरले की देतात.”

“मग त्या बेटावर कोण राहतं?”

“असतील कोणी. आम्ही कुठं बघितलंय?” प्रतिक्षा हसली. मालूही हसली. समोरची हसली, म्हणून.

पाट माळ्यावर होता. शिसवी, एका कोपऱ्याला टवका उडालेला. मालूने तो खाली काढला. प्रतिक्षाने नको म्हटलं नाही. उलट पुसायला फडकं तिनेच आणून दिलं.

ऑफिसात हरेश पांढऱ्या शर्टात बसला होता. बहिणीच्या मांडीवर पाट पाहून त्याने भुवया उचलल्या.

“गो बाय, ऑफिसात पाट घेऊन कोण येतं? लोक म्हणतील बाई जेवायलाच बसली.”

“वाढलंस तर जेवेन.”

तो तिच्या शेजारी सरकला. गोदामवाल्यांना जमिनी मिळवून देऊन त्याने पैसा केला होता. पण आवाज घरी होता तसाच होता.

“ऋत्विकला दोनदा व्हिसा नाकारला. दोन्ही वेळा मी बाहेर उभा. खिशात पैसा हाय, आणि काचेआडची पोरगी पोराला सांगते, नाय. आता बेटाचा पासपोर्ट मिळाला की निम्म्या जगात विचारणार नाय कोणी.”

“आणि आपला?”

“आपला परत द्यायला लागतो. दोन ठेवता येत नाय.”

“मग घर कशाला विकतोस? तुला काय कमी हाय?”

“पैसा कुठून आला ते दाखवायला लागतं त्यांना. माझे बाकीचे व्यवहार...” त्याने हात हलवला. “बापाची जमीन तेवढी एक नंबरची. आणि घेणाऱ्याला सगळे गट एकत्र पायजेत. एकतीस तारखेनंतर बेटवाले पासपोर्टाचा भाव वाढवणार. हिस्सा देतो तुला, बाय. हक्काचा.”

तो खोटं बोलत नव्हता. हिस्सा त्याने दिलाच असता.

नंबर लागला. हरेशने अंगठा दिला, फोटो दिला. मग मालूला पुढे घेतलं. ऑपरेटरने यंत्र सरकवलं.

“बाई, पाट खाली ठेवा. अंगठा द्या.”

तिचे दोन्ही हात पाटाला होते.

“हरेश, हा कुठं ठेवू?”

“खाली ठेव ना. मी बघतो.”

“आता नव्हं. यंदा कुठं ठेवू?”

हरेशने ऑपरेटरकडे पाहिलं, मग दाराकडे. मागे चारजण उभे होते.

“बाय, अष्टमीला ने. तुझ्या घरी.”

“माझ्या घरी गणपती हाय. सासरचा.”

ती रागावली असती तर त्याने समजूत काढली असती. त्याची तयारी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“गौरी-गणपती झाल्यावर अंगठा देते,” ती म्हणाली.

“तारीख निघून जाईल.”

“व्हय.”

ती उठली. हरेश जिन्यापर्यंत आला. तिथे फोनवर कुणाला तरी म्हणाला, “नाय, नाय झालं.” आणि तिथेच उभा राहिला.

जनूचा कारखाना दहा मिनिटांवर. आत रंगाच्या फवाऱ्याचा वास. पाटांची चळत भिंतीला लावलेली, प्रत्येकावर खडूने नाव.

“उशीर केलात यंदा,” जनू म्हणाला. “मला वाटलं, म्हात्रेशेठ फॉरेनला गेले. मूर्ती तीच ना, दीड फुटी? हरेशशेठचं नाव घालतो.”

“मालू दत्ताराम म्हात्रे घाल.”

जनूने एकदा वर पाहिलं आणि लिहिलं. अक्षरं मोठी निघाली, आडनाव टवक्यापाशी अडलं, म्हणून ते खाली घेतलं.

रोह्याची गाडी पावणेतीनला होती. ती फलाटावर बसली. पाट गेल्यामुळे हात मोकळे होते, आणि बराच वेळ तिने ते तसेच मांडीवर ठेवले.