स्टुलावरची खूण

प्रयोगशाळेत त्याला सगळे भिंगरी म्हणत. माणूस एका जागी दोन मिनिटं बसला, तर तिसऱ्या मिनिटाला बायको कपाळाला हात लावून ताप बघायची. उंदरांचे पिंजरे धुणं, त्यांचं खाणंपिणं बघणं, त्यांचा पोहण्याचा हौद भरणं ही त्याची कामं. पायांना काम कमी नव्हतं.

त्या दिवशी मात्र हौदात उंदीर गरगरत होते आणि हौदाभोवतीच्या पडद्याबाहेर भिंगरी.

प्रयोग ताईचा होता. ताई म्हणजे तीन वर्षं उंदरांच्या मेंदूत डोकं घालून बसलेली संशोधक मुलगी. चोवीस उंदरांपैकी बारांच्या मेंदूतली, जागा लक्षात ठेवणाऱ्या भागातून निघणारी एक बारीक वाट तिने कापली होती. बाकीचे बारा धडधाकट. हौदातलं पाणी पांढरं केलेलं, आणि त्यात बोटभर खाली एक पाट लपवलेला; भोवतालच्या खुणा लक्षात ठेवून उंदरांनी तो शोधायचा. आठ दिवसांच्या शिकवणीत धडधाकट उंदीर सरळ पाटावर जाऊन बसायला शिकले. वाट कापलेले नुसते फिरत राहिले. नवव्या दिवशी ताईचे मार्गदर्शक सर स्वतः बघायला आले, आणि नेमके धडधाकटही भरकटले.

"उंदरांची वाट कापता कापता स्वतःची लावून घेतलीस," सर म्हणाले. "सगळ्यांचीच कापली असशील."

"नाही हो सर, माझ्याकडे नोंद आहे."

"ती उंदरांनी वाचलेली दिसत नाही. जेवणानंतर हेच झालं, तर प्रयोग बंद."

सर जेवायला गेले. ताई हौदाच्या कडेला डोकं टेकून बसली. भिंगरीने फडकं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. दाराशी गेला, परत आला, आणि स्टुलाला ठेचकाळला. कळवळून त्याने पाय धरला, आणि डोक्यात उजेड पडला. हाच पाय! मुरगळला म्हणून शिकवणीचे आठही दिवस तो पट्टी बांधून याच स्टुलावर बसून होता. तेही पडद्याच्या आत. नियम बाहेर थांबायचा; पण बाहेर स्टूल मावत नव्हतं. आणि पडद्याआत सापडलात तर भांडारात बाटल्या पुसायला धाडीन, असं सरांनी बजावलेलं.

दोनदा दारापर्यंत जाऊन तो परतला.

"ताई, एक धडधाकट सोडा बरं." तो स्टुलावर बसला.

उंदराने मिशा वर करून एक गिरकी घेतली आणि थेट पाट गाठला.

"पडद्यावर त्रिकोण लावले, दिवा टांगला," ताई म्हणाली, "आणि मेल्यांनी खूण धरली ती तुमची, काका!"

"त्रिकोणाला कुठे पोट असतं?"

"सरांना सांगावं लागेल."

"सांगा." त्याचा पाय हलू लागला, त्याने हाताने दाबून धरला.

जेवून आल्यावर सरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला.

"वाट कापलेल्यांनाही हे दिसत होते?"

"दिसत होते सर, पण उपयोग शून्य."

"मग खूण म्हणून ठीक आहेत. प्रयोग चालू." सर भिंगरीकडे वळले. "नियम मोडलात ना? आता चोवीसही उंदीर पोहून होईपर्यंत स्टुलावरून हलायचं नाही."

"सर, त्यापेक्षा भांडारात पाठवा ना."

ताईने स्टुलाकडे बोट दाखवलं. तो बसला.

नाक खाजलं, पाठ खाजली, पायाला मुंग्या आल्या. बाराच्या बारा धडधाकट सरळ पाटावर गेले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वाट कापलेले. शेवटचा, चोविसावा, त्याच्यासमोरून चार वेळा गेला, चारही वेळा ओळख न दाखवता. भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदाच उंदराचा हेवा वाटला. तो फिरत तरी होता.