रिकामी फेरी

"आता बोट डोलतेय असं समजा, साहेब," असं म्हणून आमच्या ह्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. दार बंद होताना मला दिसलं ते असं : पिंजऱ्यात साहेब, पिंजऱ्याशेजारी फरशीवर मांडी घालून हे, आणि ह्यांच्या डोक्यावर नवीकोरी उन्हाची टोपी. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तिसऱ्या मजल्यावर मी आणि शेजारचे मास्तर वाट बघत उभे.

"वहिनी, हे काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं. त्यांना दूध आणायला खाली जायचं होतं.

"समुद्रप्रवास," मी म्हटलं. "तुम्ही आपले जिन्याने जा."

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. हे लिफ्टचे मेकॅनिक. लेक शाळेत होती तेव्हा एका इमारतीत लिफ्टखालचा खड्डा साफ करायला उतरले, तर तिथे तेलात माखलेलं एक पिल्लू सापडलं. शर्टात गुंडाळून घरी आणलं. पिल्लाने घरात पाऊल टाकलं ते थेट ह्यांच्या खुर्चीवर चढून बसलं. हे उभेच राहिले आणि म्हणाले, "बसा साहेब, बसा." झालं. तेव्हापासून घरात खुर्ची साहेबांची आणि स्टूल ह्यांचं. साहेबांना आम्ही अहो-जाहो करतो. सुरुवातीला गंमत म्हणून केलं, मग सवय झाली, आणि आता कुणी त्यांना 'ए' म्हटलं तर मलाच राग येतो.

तर समुद्रप्रवासाचं असं झालं. ह्यांच्या निवृत्तीनिमित्त लेकीने आणि जावयाने आम्हाला एका बेटावर पाठवायचं ठरवलं. आठवडाभर. लेकीने फोनवर फोटो पाठवला. माडांची रांग, पांढरी वाळू, आणि पाणी इतकं नितळ की त्यात उभ्या असलेल्या एका बाईच्या पायाची बोटं दिसत होती.

त्या बोटांनी माझा घात केला. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. सगळा जन्म गमबूट घालून साबणाच्या गढूळ पाण्यात उभी राहिले. आमच्याकडे संध्याकाळी बूट काढले की पाय दिसतात ते पांढरेफटक, सुरकुतलेले, कुणा परक्या बाईचे असावेत तसे. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. आणि लेकीला म्हटलं, "मला जायचंय." आयुष्यात मी असं पहिल्यांदाच म्हटलं असेन. ती तर उडालीच.

"आणि बाबा?"

"बाबांना मी बघते."

बाबांनी एकच विचारलं. "साहेबांचं काय?"

लेकीने त्याचीही चौकशी करून ठेवली होती. कुत्रा चालतो, फक्त बोटीत पिंजऱ्यात ठेवावा लागतो. हे ऐकून ह्यांना कोण आनंद! लगेच पिंजरा आणला, त्यात स्वतःचा जुना स्वेटर अंथरला, साहेबांसाठी पाण्याची वेगळी बाटली घेतली. माझ्यासाठी साधी चप्पलसुद्धा आणायचं सुचलं नाही, ते सोडा. आणि मग म्हणाले, "रिकामी फेरी मारून बघू."

हा ह्यांच्या धंद्यातला शब्द. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी ती रिकामीच वर-खाली सोडायची. कुठे धक्का बसला, कुठे करकरली, तर पुन्हा उघडायची. रिकामी फेरी नीट झाल्याशिवाय माणूस आत घ्यायचा नाही. कितीही घाई असो, खाली कितीही मोठे लोक खोळंबलेले असोत. ह्यांनी घरातही हेच केलं. लेकीच्या लग्नाआधी मांडवात आम्हा दोघांना नवरा-नवरीच्या जागी उभं करून बघितलं होतं, लाजून माझी पुरेवाट झाली. तेव्हा बेटावर जायच्या आधी साहेबांना लिफ्टमधून बोटीची सवय करून देणं ह्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होतं.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. ह्यांची टोपी कलली होती आणि तोंड पडलं होतं.

"अगं, बघ जरा. असं का करतायत?"

साहेबांना धाप लागली होती. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलत होतं. मी पिंजरा उघडला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हृदय हाताला लागत होतं, इतकं जोरात.

जनावरांची डॉक्टरीण तरुण पण समजूतदार होती. तिने बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग म्हणाली, "काका, ह्याचं हृदय थकलंय. बोट, ऊन, नवी जागा... मी तर नेणार नाही. ज्याच्या हातचं खाईल अशा कुणाकडे ठेवून जा."

"ह्याचं नाही, ह्यांचं," हे पुटपुटले. पण तिला ते ऐकू गेलं नाही.

असा माणूस एकच होता, मास्तर. साहेब त्यांच्या हातचा दूध-पाव खायचे. मास्तर एकटे राहायचे, त्यांनाही हौस. पण आमचे हे! "रिकामी फेरी," म्हणाले. "एक रात्र ठेवून बघू."

मग आम्ही खरोखर निघालो. बॅगा भरून, टोपी घालून, साहेबांना समजावून, "येतो हं साहेब, मास्तरांना त्रास देऊ नका," असं दहा वेळा सांगून. गेलो कुठे, तर गावाच्या दुसऱ्या टोकाला नणंदेकडे. तिने दार उघडलं, बॅगा बघितल्या, टोपी बघितली.

"हेच का तुमचं बेट?" म्हणाली. "या, समुद्र मोरीत आहे."

रात्रभर हे कुशीवर कूस बदलत होते. मी जागीच होते. मनात एकच चाललं होतं : साहेब, एक रात्र नीट काढा हो. माझ्यासाठी काढा. लाज वाटते सांगायला, पण मी कुत्र्याची विनवणी करत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. लिफ्टचं दार उघडलं तर समोर मास्तर त्यांच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले, आणि उंबऱ्यात साहेब उभे. शेपटी अशी हलत होती की मागचं अर्धं अंगच डोलत होतं.

"कसं काय?" ह्यांनी विचारलं.

"उत्तम," मास्तर म्हणाले. "जेवले. झोपले. काही त्रास नाही. फक्त..."

"फक्त काय?"

"दाराशीच बसून होते. लिफ्ट वर यायला लागली की कान उभे. मग पुढचे पाय टेकून उठायचे, तुम्हाला माहितीच आहे, उठताना किती त्रास होतो ते. उठून उभे राहायचे. दार उघडायचं, दुसरंच कुणीतरी उतरायचं. मग हे पुन्हा बसायचे. पुन्हा लिफ्ट आली की पुन्हा उठायचे. मी म्हटलं, अहो साहेब, ते उद्या येणार आहेत. पण ऐकतात कुठे? दिसत नाही ना त्यांना, प्रत्येक वेळी वास येईपर्यंत उभे. दिवसभर हेच."

ह्यांनी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

घरात आल्यावर मी चहा टाकला. हे स्टुलावर बसले, साहेब खुर्चीवर. मग हे म्हणाले, "तू जा. लेकीला घेऊन जा. मी थांबतो इथे."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी काय एकटीने पायाची बोटं बघत बसू? आणि दाखवू कुणाला?"

"अगं पण तुला किती..."

"हो, मला किती! मला माहितीये मला किती ते." मी कप आपटला. चहा सांडला. साहेबांनी मान वळवून माझ्या दिशेने बघितलं, म्हणजे नाक केलं. त्यांची ती दुधाळ झालेली बुबुळं. मला भडभडून आलं. आठवडाभर ते त्या उंबऱ्यात उठत राहतील आणि मी तिकडे पाण्यात उभी राहीन, हे मला जमणार नव्हतं. पाण्यात बोटं नाही, तो उंबराच दिसत राहिला असता.

"धक्का बसला ना फेरीत?" मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली.

"मग संपलं. बेट काही पळून जात नाही."

लेक फोनवर चिडली. "आई, एका कुत्र्यासाठी?" मी म्हटलं, "जपून बोल, ते ऐकतायत."

चार दिवसांनी मी कामावरून आले तर गच्चीवर एक मोठा निळा टब. त्यात कोमट पाणी, स्वच्छ. हे बाजूला अवघडून उभे. "मीठ पण घातलंय," म्हणाले. मी बूट काढले आणि पाय आत घातले. दिसली बोटं. दहाच्या दहा. मी हसायला लागले आणि ते हसू मला आवरेना. साहेब लटपटत आले, त्यांनी टबात तोंड घातलं, समुद्राची चव घेतली आणि इतकं वाईट तोंड केलं की हेही हसता हसता खाली बसले.

साहेब त्यानंतर थंडीपर्यंत होते. एका सकाळी हे कामाला निघाले. सेवानिवृत्त झाले तरी जुन्या इमारतींतून बोलावणं येई. साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि तिथेच बसून राहिले. मला वाटलं, वाट बघतायत. दुपारी लिफ्ट वर आली, मास्तर उतरले. साहेबांचे कान हलले नाहीत. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

हे आले तेव्हा लिफ्टमधून बाहेर पडताच कळलं त्यांना. ते खूप रडले. लेकीच्या पाठवणीतही रडले नव्हते तितके. मी त्यांना रडू दिलं, आणि मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

उन्हाळ्यात लेकीने पुन्हा विषय काढला. ह्या वेळी 'साहेबांचं काय' असं विचारायचं काही उरलं नव्हतं. ह्यांनी रिकामी फेरीसुद्धा मारली नाही. खुर्चीवर चादर घातली, दाराला कुलूप लावलं आणि निघालो.

बेट फोटोत होतं तसंच निघालं. पाणी कोमट, नितळ. मी साडी वर धरून पाण्यात उभी राहिले आणि खाली बघितलं. माझेच पाय, माझीच बोटं, त्यांच्यामधून इवलाले मासे जात होते. जन्माचं सार्थक वगैरे म्हणतात, तसं काहीतरी वाटलं.

"अहो, या ना! बघा!"

हे धक्क्याजवळच्या बाकावर बसले होते, टोपी घालून. लांबून एक बोट येत होती. ती धक्क्याला लागली तसे हे गुडघ्यांवर हात टेकून उठले. उभे राहिले. लोक उतरले, सामान उतरलं, शेवटचा माणूस उतरला. मग हे खाली बसले.

मला वाटलं, बोटीचं यंत्र बघत असतील. पण जरा वेळाने दुसरी बोट आली आणि हे पुन्हा उठले. पुन्हा शेवटच्या माणसापर्यंत उभे राहिले. पुन्हा बसले.

मी ओल्या पायांनी वाळू तुडवत त्यांच्याजवळ गेले. "काय बघताय?"

"काही नाही गं," म्हणाले. "कोण उतरतंय ते."

मी त्यांच्याशेजारी बसले. पायांना वाळू चिकटली होती, ती झटकली नाही. समोर पाणी चमकत होतं.

मग पुढची बोट आली, तेव्हा मीही उठले.