स्वावलंबी दामाजीचा सत्कार

"मालन, पाय धुवाला पानी आन गं!"

पंधरा ऑगस्टची सकाळ. देश स्वतंत्र होऊन चाळीस वर्षं झाली होती आणि दामाजी अजून खाटेवरून उतरला नव्हता. कोपरच्या खाडीकडल्या त्या गावात आज त्याचा सत्कार होता, 'आदर्श स्वावलंबी शेतकरी' म्हणून! खाडीचं खारं पाणी अडवून त्यानं म्हणे एकट्यानं बांध घातला. बांधाचा चिखल वाहिला बायकोच्या, मालनच्या डोक्यानं, लावणी केली मालनच्या कमरेनं. पण शाल दामाजीच्या खांद्याला शोभणार होती ना!

मालननं पाणी ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आयेला उठवत नाय. भावानी परत सांगावा धाडलाय. आज तरी आंबिवलीला जाव का?"

"आनि भाकर कोन थापील? तुजी आय काय पलून चाललीय?"

"पलाची ताकद असती त तीच आली असती."

आयेचं तोंड दिसायचं राहिलं तर? मालन पेटीतून त्याचं धोतर काढायला गेली.

शाळेपुढं मांडव होता. पुढाऱ्यानं हार घातला, शाल दिली. माईक हातात आला आणि दामाजीच्या अंगात आलं.

"मी कुनावर अवलंबून नाय! माज्या घरान परतेक मानूस सोतंत्र हाय. ज्याला जिकरं जावाचा, त्यानी तिकरं जावा. मी कुनाला अरवीत नाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "हाच खरा भारत!" पुढारी गहिवरला आणि त्यानं मालनला बोलावून तिच्या ओटीत नारळ घातला. "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला."

मालननं पदर सावरला.

"मना भाषन येत नाय. पन यांनी आता काय सांगला, ता तुमी समद्यांनी आयकला ना?"

"आयकला!" मांडव ओरडला.

"मंग मी आंबिवलीला चालली. आय आजारी हाय माजी."

पहिली टाळी वाजवली शेजारच्या तुळसानं. मग बायांनी मांडवच डोक्यावर घेतला. दामाजीच्या अंगावर शाल होती, गळ्यात हार होता, खेकसणार कसा?

"जा... जा की," तो मिरची चावल्यासारखा हसला.

मालन नारळ घेऊन तशीच स्टेशनाकडे निघाली. मागं काय झालं ते तिला पुढं तुळसानंच सांगितलं. पुढाऱ्याला स्वावलंबी शेतकऱ्याच्या घरचा चहा प्यायचा होता. दामाजी शालीसकट चुलीपुढं बसला, फुंकून फुंकून घरभर धूर केला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेरच्या ओटीवरून पुढारी म्हणाला, "किती भावनाप्रधान माणूस!"

मागल्या दारी तुळसा दिसताच दामाजी कुजबुजला, "तुळसे, साखर कुठं ठेवते गं ती?"

"मना काय ठावं बाबा? घर तुजा, सोतंत्र मानसा!"

तोवर मालन आंबिवलीला पोचली होती. आयेनं डोळे उघडले, तिचा हात चाचपून धरला.

"जावयानी धाडली तुना?"

"नाय गं आये," मालन म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "माजी मी आली."