माझ्या पायडलवरचा पाय

मी शिलाईची मशीन, पायानं चालवायची. वडीगोद्रीत हायवेलगतच्या एका खोलीत खिडकीपाशी उभी आहे. बोलायला हवं होतं तेव्हा मला बोलता आलं नाही. आता सांगते.

महेबूबनं मला जालन्याहून आणलं तेव्हा त्याची बायको मैमूना नवी नवरी होती. तिचे पाय पायडलवर पडले की मी पळतच सुटायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. हळूहळू सारं गाव तिच्याकडं येऊ लागलं.

दिवसाचे नऊ-दहा तास ती माझ्यापुढं बसून. जेवण म्हणजे पोरांनी ताटात उष्टं टाकलेलं, तेही कापड कापता कापता. चहा मात्र येणाऱ्या प्रत्येक बाईसोबत. दोन बाळंतपणांनंतर अंग सुटलं. आधी बाया म्हणाल्या, “तब्येत झाली गं!” पुढं त्याच हसू लागल्या. महेबूब घनसावंगीची जीप चालवायचा. एकदा भरल्या जीपमध्ये तो म्हणाला, “हमारी बेगम को दो सीटां लगते.” मैमूनाही हसली. पण पुन्हा ती जीपमध्ये बसली नाही.

गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई बेबीनंदा तिची मैत्रीण. एकदा ब्लाउज न्यायला आली आणि म्हणाली, “मैमूना, किती पाणी पिऊन राह्यली तू! धाप बी लागती. दवाखान्यात चल, शुगर बघू.”

“ईदचे कपडे होऊ दे, मंग येते.”

“मागच्या साली बी हेच म्हणलीस.”

मैमूनाचा पाय थांबला. “तिथं समद्यांसमोर वजनाच्या काट्यावर उभं करतेत गं. आकडा मोठ्यानं सांगतेत. मला न्हाई सोसत.”

बेबीनंदा ब्लाउज घेऊन गेली.

एका दुपारी जाड जीन्स शिवताना माझी सुई मोडली. टोक खाली पडलं आणि पायडलच्या जाळीत उभं अडकलं. मैमूनानं दुसरी सुई लावली, अनवाणी पाऊल ठेवलं. टोक तळव्यात घुसलं. आता ती ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. ती गुणगुणत राहिली. वाढलेल्या शुगरनं तिच्या पायांची जाणीवच नेली होती. मी अडखळले, टाके सोडले, दोरा तोडला. तिनं मला तेल घातलं.

पोटामुळं तिला स्वतःचा तळवा दिसत नव्हता. आठवड्यानं बेबीनंदाला वास आला. तिनं खाली बसून पाय उचलला. “अगं, हे कधी झालं?”

“काय?” मैमूनानं विचारलं.

जालन्याला शुगर चारशेच्या वर निघाली. जखम हाडापर्यंत गेली होती. उजवं पाऊल घोट्यापासून काढलं. त्या दिवशी महेबूब कपडे न्यायला घरी आला, माझ्यापुढच्या स्टुलावर बसला आणि एकटाच म्हणाला, “मैं हसता था उसपे.” मी त्याला काय सांगणार? सुई तर माझीच होती.

आता मैमूना वॉकर धरून येते. डोळ्यांनाही धूसर दिसतं. एका पायानं चाक उलटं फिरतं, दोरा गुंततो. ती तो सोडवते, पुन्हा ओवायला जाते, तर सुईचं भोक सापडत नाही.

तुमच्या घरी कुणी अंगानं जड असेल तर हसू नका. सोबत दवाखान्यात जा, काट्यापाशी त्याला आडोसा करून उभे राहा. आणि रोज त्याचे तळपाय बघा.

संध्याकाळी महेबूब तिचा उरलेला पाय मांडीवर घेतो, बोटं फाकवून बघतो.

“कुछ है क्या?” ती विचारते.

“नहीं.”

तिला तो पायही जाणवत नाही. तो म्हणतो ते खरं मानण्यावाचून तिच्याकडं दुसरं काही नाही.