रुमालात दडवलेली सिरिंज

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री आहे. काचेची जात ना माझी! मी एक जुनी सिरिंज. हल्लीच्या प्लास्टिकच्या पोरी एकदा टोचल्या की कचऱ्यात जातात. आमचं तसं नव्हतं. आम्हाला उकळायचं, वापरायचं, पुन्हा उकळायचं. माझ्या नळीवर आणि आतल्या दांड्यावर एकच नंबर कोरलेला आहे, कारण एकीचा दांडा दुसरीला बसत नाही. एक फुटलं की दुसऱ्याचाही जन्म फुकट. मग भिऊ नको तर काय करू?

माझी मालकीण डॉक्टर अंजना, सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरीला. नोकरी लागताच तिनं मला आणि माझा स्टीलचा डबा विकत आणला. आईला म्हणाली, "दवाखान्यातली वस्तू दवाखान्याची. ही माझी. वाटेत कुणाला गरज पडली तर?" तेव्हा मला काय तोरा चढला होता!

तो तोरा कराडच्या एसटी स्टँडवर उतरला. एक म्हातारा छातीवर हात दाबून खाली बसला. "मी डॉक्टर आहे, बाजूला व्हा," म्हणत अंजना धावली. जवळ होतं ते औषध तिनं माझ्यातून टोचलं, पण माणूस हाती लागला नाही. तो सुईनं गेला नव्हता, मी साक्षीला होते. पण घोळक्यातून एक आवाज उठला, "हिनंच टोचलं आन् मानूस गेला!" झालं! एकाचे दहा झाले. कुणी तिची वेणी ओढली, कुणी पर्स हिसकली. कंट्रोलरच्या खोलीत कडी लावून ती दोन तास बसली होती, आणि डब्यात मी लटलट कापत होते.

त्यानंतर "मी डॉक्टर आहे" हे शब्द दवाखान्याच्या फाटकाबाहेर तिच्या तोंडून निघाले नाहीत. डबा पांढऱ्या रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी गेला. पण एक गंमत सांगू? कुठंही निघायच्या आधी ती मला उकळायचीच. डब्यात ताजी सुई, कापूस आणि अचानक जीव धोक्यात आला तर टोचायच्या औषधाची, ॲड्रेनॅलिनची, एक कुपी ठेवायचीच. वापरायचं नाही तर उकळायचं कशाला? मला काही उमजत नसे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. अंजनाची घरमालकीण रंगूबाई कुंडल गावची. तिचा भाऊ केरबा याच्या शेतात वावरजत्रा होती. बांधावरच्या म्हसोबाला बकरं द्यायचं आणि तिथंच शिजवून भावकीला जेवू घालायचं, अशी तिकडची रीत. रंगूबाईनं लय आग्रह केला, म्हणून अंजना निघाली. निघताना म्हणाली, "मावशी, मी डॉक्टर आहे हे तिथं कुणाला सांगायचं नाही. शब्द द्या."

"न्हाई सांगत, बाई. कचेरीत कामाला हाय म्हनते."

म्हसोबा वडाखाली, आणि वडावर टोपल्याएवढं आग्या मोहोळ! देवाच्या झाडावरचं मोहोळ देवाचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि देवाचा निवद देवाच्याच सावलीत शिजला पाहिजे. भावकीतला अर्जुना म्हणाला, "केरबातात्या, फाटी वली हायती. चूल जरा लांब मांडू या का?"

"आरं, आज्याच्या टायमापास्नं हितंच शिजतंय. देव राखतोय की!"

ओल्या लाकडांचा धूर सरळ वर मोहोळात गेला. आणि मग अगं बाई, आभाळच फाटलं! माणसं घोंगड्यात शिरली, उसात घुसली. अंजना आणि रंगूबाईनं एकाच घोंगड्याखाली जीव धरला. माश्या पांगल्या तेव्हा केरबाच्या अंगावर तीस-चाळीस डंख होते, पण तो उभा होता. त्याचा पोरगा लालासाहेब, सुट्टीवर आलेला फौजी, एकाहत्तरच्या लढाईतून ओरखडा न घेता परतलेला गडी. त्याला चारच माश्या चावल्या. पण तो विहिरीवरच्या इंजिनाच्या खोपीजवळ कोसळला. ओठ सुजले, अंगभर लाल गांधी उठल्या, श्वासाची शिट्टी वाजू लागली.

"चार माश्यांनी कुटं मानूस पडतंय व्हय? देव कोपला!" कुणी अंगारा आणला, कुणी चुना. घोळका दाटला.

अंजना घोळक्याबाहेर उभी होती. काही माणसांच्या जिवावर एक डंखही बेततो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची बोटं बॅगेत शिरून रुमालाला लागली, थंडगार. मी मनात म्हणाले, नको गं बाई, पुन्हा तो घोळका नको! खरं सांगते, असंच म्हणाले मी.

रंगूबाईनं तिच्याकडं पाहिलं. सख्खा भाचा मरत होता. एक शब्द बोलली असती तर झालं असतं. तिनं तोंड उघडलं, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. शब्द दिला होता ना! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ते अंजनाला बघवलं नाही. तिनं रुमाल फेकला. "सरका! मी डॉक्टर हाय!"

केरबानं वाट अडवली. "सुई देनार? पोराचं काय बरंवाईट झालं तर?"

"तर मी हितंच हाय, मामा. पळून न्हाई जायाची. आदी त्याला वारा येऊ द्या!"

तिनं कुपी फोडली, अर्धं औषध दंडात दिलं, अर्धं माझ्या पोटात राहिलं. आम्ही वाट पाहिली. शिट्टी थांबली, पण श्वासच थांबल्यासारखा झाला. मागून आवाज आलाच, "सुई दिली आन् पोरगं गपगार पडलं!" कराडचाच आवाज जणू! घोळका एक पाऊल पुढं सरकला. रस्त्याकडची वाट मोकळी होती. पण अंजनाचा हात नाडीवरून हलला नाही. तिनं घड्याळ पाहिलं आणि उरलेलं औषध दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग लालासाहेबाची छाती भरून वर आली. "आये... पानी..."

केरबाच तांब्या घेऊन विहिरीकडं धावला.

त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून अंजनानं सांगलीला निघालेला गुळाचा ट्रक थांबवला आणि लालासाहेबाला वर निजवून त्याची नाडी धरून ढेपांवर बसली. घाईत मला कापसाशिवायच डब्यात टाकलं होतं. धक्क्यांनी माझ्या दांड्याला भेग गेली. माझं काम तिथंच संपलं.

लालासाहेब दवाखान्यात सावरला, तेव्हा पायरीवर रंगूबाई पुटपुटली, "म्या कुनाला सांगितलं न्हाई गं. शब्द मोडला न्हाई म्या."

अंजना तिच्या गळ्यात पडून रडली. "मावशी, असा शब्द मी मागायलाच नको होता."

तिची भीती गेली असं समजू नका. पण माझ्या जागी आलेली नवी सिरिंज बॅगेत सगळ्यात वर असते, रुमालाशिवाय. अंजना तेव्हाही मला का उकळत राहायची, ते आता कळतं. मी कपाटात असते, माझ्या नंबराच्या भेगाळलेल्या दांड्यासोबत.

मित्रांनो, मला हाताळताना जपलं नाहीत तर एक काच फुटेल, एवढंच. पण मदतीला धावलेल्या माणसाला घोळक्यात धरलंत, तर पुढच्या वेळी तो बॅग उघडणार नाही. आणि तेव्हा जमिनीवर कोण पडलेलं असेल, ते काही सांगून येत नाही.