टाकी#४

"काका, संगणकावरचं पान उघडतच नाय! 'सापडत नाही' म्हणतंय. देवूच्या हातावर आम्ल उडालंय, चार नंबरच्या टाकीवर."

फोनवर दीपा होती, कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतली नर्स. नोकरीला लागून तिला जेमतेम तीन महिने झाले होते. बळवंत खुर्चीतून अर्धा उठला.

"पान सोड. हात नळाखाली धरलाय ना?"

"हो, पाणी चालू हाय."

"चालू राहू दे. मग लाल कपाटातलं कॅल्शियमचं मलम घे. हातमोजे घाल आणि चोळत राहा. दुखायचं थांबलं म्हणाला तरी थांबू नको. मी गाडी सांगतो."

गाडी देवूला, टाकीवरच्या कंत्राटी कामगाराला, घेऊन बोईसरच्या दवाखान्यात गेली. गाडी निघेपर्यंत फाटकाशी थांबलेला बळवंत परत येऊन संगणकासमोर बसला. पान का उघडलं नाही, हे त्याला न बघताही माहीत होतं.

तारापूरच्या या कारखान्यात त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यातली बावीस टाक्यांवर गेली. दम लागायला लागला तेव्हा साहेबांनी त्याला ऑफिसात आणून बसवलं. दोन वर्षांपूर्वी जाड फायली बंद झाल्या आणि सगळी माहिती संगणकावरच्या विकीत, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांत, गेली. प्रत्येक टाकीत काय आहे, अंगावर उडालं तर काय करायचं, याचं एकेक पत्रक आणि त्याची लिंक. अशा साडेअकराशे लिंका बळवंतने दोन बोटांनी टाइप केल्या होत्या.

टाक्यांवर रंगाने जसं लिहिलेलं होतं, तशीच त्याने पत्रकांना नावं दिली. 'टाकी#४'. लिंकमध्ये ते आडव्या-उभ्या रेघांचं चिन्ह आलं, की संगणक त्याच्या पुढचं नाव धरतच नाही, नुसतं 'टाकी' शोधत बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या चिन्हाच्या जागी टक्क्याची खूण आणि तेवीस लिहावं लागतं. नावात मोकळी जागा असली, चौकोनी कंस असला, तरी लिंक तुटते. त्यांचे आकडे वेगळे. हे सगळं गेल्या दिवाळीत कळलं. तेव्हापासून बाकीची कामं सांभाळून तो एकेक लिंक दुरुस्त करत होता, अ पासून, ओळीने. त्या सकाळी तो 'ज'वर होता.

टाक्या आधी घ्याव्यात, हे त्याला सुचलं नव्हतं. बावीस वर्षं टाक्यांवर काढलेल्या माणसाला.

आता त्याने टाक्या घेतल्या. एकतीस होत्या. चाळीस मिनिटं लागली.

संध्याकाळी सुरक्षा अधिकारी निमेश अहवालाचा कागद घेऊन आला. माणूस वाईट नव्हता.

"बळवंतभाई, मी 'तांत्रिक बिघाड' लिहिलंय. दोन महिन्यांत तुम्ही रिटायर होणार. कशाला नाव खराब?"

"बिघाड नाय साहेब. लिंक मी टाकलेली. माझं नाव लिवा."

"अरे, पण..."

"आणि मदतीला एक माणूस द्या म्हणून मी तुमच्याकडं दोनदा अर्ज दिलेला, तेही लिवा."

निमेशने पेनाचं टोपण लावलं. "मग मला माझंही नाव लिहावं लागेल," तो हळूच म्हणाला.

अहवाल पुढे गेला तो 'तांत्रिक बिघाड' म्हणूनच. बळवंतने दुसऱ्या दिवशी 'झ' उघडला.

देवू तीन आठवड्यांनी आला. उजवा हात वाचला होता, दोन बोटं मात्र वाकत नव्हती. कंत्राटदाराने त्याला आता झाडलोटीवर घेतलं होतं. तो बळवंतच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बस ना रं."

"नाय, जायचं हाय. काका, समदे म्हंतात, एका खुनेपायी झालं. कंची खून?"

बळवंतने कोरा कागद ओढला. दोन उभ्या रेघा मारल्या, दोन आडव्या.

देवूने कागद डाव्या हातात धरून नीट बघितला. उलटा करूनही बघितला.

"इवढीच?"

"एवढीच." मग बळवंत म्हणाला, "ती मी लिवलेली, देवू. माझी चूक."

देवूने मान हलवली. रागावला की नाही, ते कळलं नाही.

"तुमीच तं मलम सांगलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ह्यो कागद नेऊ? घरवाली लाडकी रोज इचारते, झालं तरी काय."

"ने."

देवूने एका हाताने कशीतरी कागदाची घडी घातली. शर्टाचा खिसा डाव्या बाजूला होता, आणि चालता हातही डावाच. दोनदा कागद खिशाच्या बाहेरच घसरला. बळवंत उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने ती घडी देवूच्या खिशात सरकवली.