कोणीही न नेलेल्या पुस्तकांच्या तारखा

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर फार दमलेला आहे. माझ्या पोटात रबराचे तीन पट्टे आहेत. एकावर दिवस, दुसऱ्यावर महिने, तिसऱ्यावर वर्षे. बाजूची दातेरी चाके फिरवली की हवी ती तारीख खाली येते. मग मला शाईच्या गादीवर टेकवायचे आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर दाबायचे. पुस्तक कधी परत आणायचे ते वाचकाला त्यावरून कळते. जन्मभर मी डोके आपटत आलो, आणि लोक त्याला नोंद म्हणतात.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे पट्टे ओवणाऱ्या बाईंना त्या दिवशी घरी जायची घाई होती. त्यामुळे माझा महिन्याचा पट्टा केसभर तिरका बसला आहे. तेवढे एक व्यंग सोडले तर मी सचोटीचा होतो. जी तारीख लावाल तीच उमटवायची, कमी नाही, जास्त नाही. याचा मला अभिमान होता. आता तो कोणत्या तोंडाने सांगू?

मला ज्या ग्रंथालयात पाठवले ते एका लहान गावातले होते. खाली आगीच्या बंबाची गाडी उभी असे आणि वरच्या दोन खोल्यांत पुस्तके होती. बंबाची घंटा झाली की जमीन हादरायची आणि मी शाईच्या डबीवरून घसरत टेबलाच्या कडेला जायचो. तिथल्या ग्रंथपालबाई काही ग्रंथपाल म्हणून जन्मल्या नव्हत्या. वीस वर्षे त्या जन्ममृत्यूच्या नोंदी करीत होत्या. एके दिवशी वरून हुकूम आला की उद्यापासून तुम्ही ग्रंथालय सांभाळा. त्यांनी ते जुन्याच रीतीने सांभाळले. पुस्तक आले की नोंदवायचे, कपाटात घालायचे, कुलूप लावायचे. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. कोणी पुस्तक मागितले तर बाई त्याला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळत.

"हरवलं तर जबाब कोण देणार? मीच ना?" असे त्या म्हणत. पुस्तके झाडणारे, दार उघडणारे आणि अधूनमधून डुलकी काढणारे मामा तिथे शिपाई होते. ते म्हणत, "बाई, तुमच्याकडून पुस्तक सोडवणं म्हणजे पोलिसांकडून माणूस सोडवण्यासारखं आहे." त्या दिवसांत मला आठवड्यातून जेमतेम चार वेळा काम पडे.

मग दूरदेशीची एक संस्था आली. गरीब मुलुखांत ग्रंथालये उभी करावीत, तिथल्या ग्रंथपालांना शिकवावे, असे तिचे काम होते. बाईंना बारा दिवसांच्या शिक्षणाला बोलावले. शिकवणाऱ्या बाई वयाने मोठ्या होत्या. तीस वर्षे स्वतः खेड्यापाड्यांतली ग्रंथालये चालवून त्यांचे गुडघे गेले होते. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. आमच्या बाई परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. आल्या आल्या त्यांनी जुडगा काढला आणि एकेक कपाट उघडत गेल्या.

"मामा, मोठ्या बाई म्हणाल्या, कुलूप काढा. चार पुस्तकं जातील. जाऊ देत."

"आणि पाच गेली तर?" मामांनी विचारले.

"तेही मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या."

त्यानंतरची दोन वर्षे माझ्या सुखाची. लोक येत, स्वतःच्या हाताने पुस्तक काढीत, चाळीत, घरी नेत. संध्याकाळी माझ्या रबरावर शाईचा थर साचे. तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, "या शिक्क्याला श्वास घ्यायला फुरसत नाही." मित्रांनो, माझे कौतुक झाले ते तेवढेच. मी ते अजून जपून ठेवले आहे.

पुढे मामांनी अडगळीतली दोन जुनी दारे जोडून एक लांब टेबल केले आणि खिडकीखाली ठेवले. दोन बाकडी आणली. आणि गंमत अशी झाली की लोक पुस्तके घरी नेईनासे झाले. ते तिथेच बसून वाचू लागले. घरे लहान, माणसे फार. "घरी नेलं की धाकटी पानं फाडते," असे नळदुरुस्तीचे काम करणारा एक जण म्हणायचा. तो पंपाची चित्रे असलेले पुस्तक रोज अर्धा तास बघून जाई. परीक्षेच्या मुली येत. दवाखान्यातली एक परिचारिका कामावरून सुटली की गणवेशातच येई. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना कसे जगवायचे, यावर आमच्याकडे एकच पुस्तक होते. त्यातले ती वहीत उतरवून घेई. पहिला भाग संपत आला तेव्हा तिने बाईंना विचारले, "दुसरा भाग मागवाल का? आमच्याकडे अशी बाळं फार येतात." बाईंनी मागणीच्या कागदावर पहिल्या ओळीत तेच नाव लिहिले.

खोली भरलेली आणि मी रिकामा. कारण तिथे बसून वाचलेल्या पुस्तकाला शिक्का लागत नाही. वाचून झाले की लोक ते शहाण्यासारखे कपाटात परत ठेवून देत आणि मागे खूण म्हणून राहत नसे. आधी मला विश्रांती बरी वाटली. पण संस्थेचा एक महिन्याचा फॉर्म असे, आणि त्यात एकच रकाना होता: या महिन्यात किती पुस्तके घरी दिली? बाईंनी इमानदारीने भरला. एकशेचाळीस. मग एकशेदहा. मग नव्वद.

मग पत्र आले. आकडा तीनशेच्या वर गेला नाही तर तीन महिन्यांनी ग्रंथालय बंद करावे, पुस्तके शहरात हलवावीत. खालच्या बंबवाल्यांचा या खोल्यांवर डोळा होताच. त्यांना पाण्याचे पाइप ठेवायला जागा हवी होती.

बाईंनी पत्र मामांना वाचून दाखवले. "माझं काय, मी परत जन्ममृत्यूच्या खिडकीत जाईन," त्या म्हणाल्या. "ही माणसं कुठे बसतील, मामा?"

त्यांनी संस्थेला सविस्तर लिहून पाहिले. लोक येतात, वाचतात, फक्त नेत नाहीत. उत्तर आले नाही. फॉर्मला रकाना होता, पत्राला नव्हता.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, बाईंनी आतून कडी लावली. मामांना त्या म्हणाल्या, "वरच्या फळीवरची पुस्तकं काढून द्या."

"बाई, हे बरं नाही."

"मला माहीत आहे. काढून द्या."

वरच्या फळीवर संस्थेनेच कधीकाळी पाठवलेली परक्या भाषेतली पुस्तके होती. बर्फात बाग कशी फुलवावी. घोड्याच्या खोगिराची निगा. त्यांना कोणी हात लावला नव्हता, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. आणि ज्या पुस्तकांवर लोकांचा जीव होता त्यांवर खोटे शिक्के मारायला बाईंचे मन धजेना. त्यांनी माझी चाके फिरवली. एक तारीख, मग दुसरी, मग तिसरी. एका दुपारी मी महिन्याभराचे दिवस उमटवले, आणि त्यातला एकही दिवस खरा नव्हता.

मामा मुखपृष्ठ बघत राहिले. "बाई, या गावात एवढे घोडे झाले कधी?"

"हसवू नका हो. हात हलतो."

त्या हसल्या नव्हत्या. मला त्यांच्या बोटांतून कळत होते. मित्रांनो, मला लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे मी तरीही नेहमीसारखाच स्वच्छ उमटलो.

आकडा तीनशेच्या वर गेला. पुढच्या महिन्यात आणखी वर. फॉर्मच्या मागच्या बाजूला सर्वांत जास्त नेलेल्या दहा पुस्तकांची नावे लिहायची होती. शिक्के ज्यांवर, तीच लिहावी लागली. खोगिराची निगा पहिल्या नंबरावर आली. परिचारिकेच्या पुस्तकाचे नाव यादीत कुठेच नव्हते. ते तर एकदाही घरी गेले नव्हते.

ग्रंथालय वाचले. अभिनंदनाचे पत्र आले, आणि पाठोपाठ नऊ खोकी. 'आपल्या वाचकांची आवड लक्षात घेऊन' संस्थेने खोगिरांवरची, तबेल्यांवरची आणि बर्फातल्या बागांवरची आणखी सहाशे पुस्तके पाठवली होती. सोबत लोखंडी कपाटे, आणि ही पुस्तके दर्शनी जागी लावावीत अशी सूचना.

"भीक नको पण कुत्रा आवर," मामा कपाळावर हात मारून म्हणाले.

कपाटांना जागा हवी होती. लांब टेबल आणि बाकडी खाली बंबाच्या गाडीमागे गेली. परीक्षेच्या मुली दोन दिवस जिन्यात बसल्या, मग यायच्या थांबल्या. परिचारिका आठवडाभर भिंतीला टेकून उभ्यानेच वही भरीत राहिली. दिवसभर उभी राहून आलेली बाई ती. एकदा तिने वही मिटली आणि विचारले, "दुसरा भाग आला का?" बाईंना मान वर करता आली नाही. त्यानंतर ती आली नाही.

ज्यांच्यासाठी खोटे बोललो तीच माणसे गेली आणि खोटे तेवढे उरले. बाई तेव्हापासून नीट जेवत नव्हत्या, असे मामा बंबवाल्यांना सांगत होते.

मग मोठ्या बाई आल्या. आमच्या ग्रंथालयाचे आकडे सगळ्या भागात उत्तम होते. म्हणून त्यांनी नव्या दहा ग्रंथपालांचा वर्ग इथेच भरवायचे ठरवले होते. दहाही जण वह्या घेऊन उभे राहिले, कारण बसायला काही नव्हते. मोठ्या बाईंनी यादीतले पहिले पुस्तक काढले, ते खोगिराचे. त्यांनी ते उघडले तसा त्याचा कणा कुरकुरला. वाचलेले पुस्तक असे कुरकुरत नाही, ते सैल पडते. त्यांनी शेवटची चिठ्ठी पाहिली. एकतीस तारखा, सगळ्यांची शाई सारखी काळी. दुसरे पुस्तक उघडले. तिसरे. मग त्यांनी आमच्या बाईंकडे पाहिले.

तेवढ्यात वर्गातल्या एका तरुण मुलीने भाबडेपणाने विचारले, "बाई, इतके वाचक तुम्ही कसे आणलेत? आम्हालाही सांगा ना. आमचं ग्रंथालय बंद करणार आहेत."

गप्प राहून भागले असते. मोठ्या बाई चारचौघांत बोलल्या नसत्या, असे मला अजून वाटते. पण ती मुलगी पेन उघडून उभी होती. बाई जे सांगतील ते ती लिहून घेणार होती आणि आपल्या गावी जाऊन तेच करणार होती.

"वाचक नव्हते," बाई म्हणाल्या. "हे शिक्के मी मारलेत. सुट्टीच्या दिवशी, दार लावून. वाचक इथे बसत होते, या जागेवर. मी त्यांना वाचवायला गेले आणि मीच त्यांना उठवलं. हे लिहू नकोस, पोरी."

मग मागच्या रांगेतला एक काटकुळा गृहस्थ खाली बघत म्हणाला, "मी चौदा महिने मारतोय." आणखी एक हात वर गेला. मग आणखी दोन.

मोठ्या बाई एका खोक्यावर बसल्या. त्या खूप थकलेल्या दिसत होत्या, माझ्यापेक्षाही. "तो फॉर्म मी केला होता," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी. एका पानात बसावा म्हणून बाकीचे रकाने मीच खोडले." मग त्यांनी विचारले, "मामा, ते टेबल कुठे आहे?"

"खाली. गाडीच्या मागे."

दहा ग्रंथपालांनी ते टेबल अरुंद जिन्यातून वर आणले. वळणावर ते अडकले, तेव्हा मामा ओरडून ओरडून दिशा सांगत होते. त्या दिवशीचे शिक्षण तेवढेच झाले. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांबरोबर नवा फॉर्म लिहिला. वाचकांनी पुस्तक कपाटात परत ठेवायचे नाही, टेबलावर सोडून जायचे. बंद करताना मामांनी टेबलावरची पुस्तके मोजायची, कोणती ते लिहायचे, मग जागेवर लावायची. इतकी साधी गोष्ट. ती सुचायला बारा वर्षे आणि एक कबुली लागली.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि पुढे शिकवण्यासाठी निवडलेल्यांच्या यादीतून त्यांचे नाव गेले. ग्रंथालयाला एक वर्षाची मुदत मिळाली, त्यानंतरचे कोणी सांगत नाही. सहाशे पुस्तके परत न्यायला कोणी आले नाही. दुसरा भाग मात्र आला. बाई तो घेऊन स्वतः दवाखान्यात गेल्या, तेव्हा कळले की त्या परिचारिकेची दूर बदली झाली आहे. बाईंनी तो तिथल्या दुसऱ्या परिचारिकेच्या हातात दिला, शिक्का न मारता.

माझे काम आता थोडे आहे आणि माझ्या वर्षांचा पट्टाही संपत आला आहे. बहुतेक वेळ मी खणात असतो. मोठ्या बाईंनी खोट्या चिठ्ठ्या फाडून टाकायला सांगितले होते. बाईंनी फाडल्या नाहीत. रोज थोडी पुस्तके घेऊन त्या बसतात आणि माझ्या प्रत्येक रांगेखाली पेनाने लिहितात: 'हे पुस्तक कोणीही नेलेले नाही.' लिहिताना मला शेजारी ठेवतात. आम्ही दोघांनी मिळून केले होते ना.

मित्रांनो, शिक्क्याची काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. माझे काय, झिजायचे ते झिजलो. एवढेच करा. ग्रंथालयात बसून एखादे पुस्तक वाचलेत, अगदी दोनच पाने वाचलीत, तरी उठताना ते मुकाट्याने कपाटात ठेवू नका. टेबलावर राहू द्या. दिवस संपताना कोणीतरी वाकून ते उचलते आणि एक रेघ ओढते. त्या रेघेवर तुमची बसायची जागा टिकून असते.